बी.एस्सी. नर्सिंग झालंय, पण परदेशात जाऊन पोलीस व्हायचंय. कुणी वाट दाखवेल का?

तासगावची_लेक

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी २३ वर्षांची, तासगाव तालुक्यातली. बी.एस्सी. नर्सिंग करून सध्या पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला आहे. घरी दोन एकर द्राक्षबाग, आई-बाबा आणि बारावीतला भाऊ. नर्सिंग बाबांच्या इच्छेनं केलं. पोलीस भरतीची तयारी मात्र माझ्या हट्टानं केली. नाईट संपवून तशीच ग्राउंडवर जायची. ८०० मीटर आणि गोळाफेक दोन्ही चांगलं गेलं, पण लेखीत थोडक्यासाठी मेरिट हुकलं.

आता घरात नवा विषय निघालाय. माझ्या बॅचच्या मुली आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन बाहेर चालल्यात, तर तूही जा असं सगळे म्हणतात. जायला माझी ना नाही. पण तिथेही मला पोलीसच व्हायचंय. हे म्हटलं की मावशीपासून मॅट्रन बाईंपर्यंत सगळे एकच सांगतात, 'परक्या देशात आपल्याला वर्दी कोण देणार?' मग मी न्यूझीलंडच्या मनदीप कौर यांच्याबद्दल वाचलं. पंजाबातून गेल्या, ऑकलंडमध्ये टॅक्सी चालवली, २००४ मध्ये पोलिसात भरती झाल्या आणि २०२१ मध्ये सीनियर सार्जंट. तेव्हापासून झोप उडालीय.

पुण्यातला एक एजंट म्हणतो, कॅनडात पोलिसिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा कर, तो झाला की तिथल्या पोलिसात अर्ज करता येतो. खर्च सगळा धरून बावीस लाखांच्या आसपास. बाबा बागेवर कर्ज काढायला तयार झालेत. बाबा इतक्या पटकन हो म्हणाले, याचीच मला भीती वाटतेय.

अजून एक. आमच्या भावकीत बांधावरून वाद आहे. चुलत चुलत्यांनी पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, दिली होती, त्यात घरातल्या सगळ्यांची नावं घातली, माझंही. त्या दिवशी मी कॉलेजला होते. हे पुढे आडवं येईल का?

ज्यांनी ही वाट पाहिलीय त्यांनी स्पष्ट सांगा. नाही जमणार असं असेल तर तेही सांगा.

ब्रॅम्प्टनकर

ताई, आधी त्या एजंटला पैसे देऊ नका. बाकीचं नंतर वाचा.

मी ओंटारियोत आहे. इथे कॉन्स्टेबल व्हायचं तर कॅनडाचं नागरिकत्व किंवा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, लागतं. स्टुडंट व्हिसावर किंवा वर्क परमिटवर अर्जच करता येत नाही. म्हणजे डिप्लोमा हातात पडला तरी पीआर होईपर्यंत दार बंदच. आणि त्या डिप्लोमाची इथल्या पोलिसांना गरजही नाही. २०२३ मध्ये ओंटारियो सरकारनं जाहीर केलं की भरतीला शालेय शिक्षण पुरेसं आहे, पुढची पदवी-पदविका लागणार नाही. निवड झालेल्या रिक्रूटच्या मूळ प्रशिक्षणाची फीसुद्धा तेव्हापासून सरकार भरतं. जी गोष्ट पोलीस मागतच नाहीत, ती तुम्हाला बावीस लाखांना विकली जातेय.

आता त्याहून मोठा खड्डा. १ नोव्हेंबर २०२४ पासून ज्यांनी स्टडी परमिटचा अर्ज केला, त्यांना कॉलेजच्या डिप्लोमानंतर कामाचा परवाना हवा असेल तर विषय सरकारनं ठरवलेल्या यादीत असावा लागतो. विषय यादीत नसेल तर शिक्षण झाल्यावर पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट नाही, ते नाही तर कामाचा अनुभव नाही, आणि अनुभव नाही तर पीआरचे गुण कुठून आणणार? एजंटला विचारा, 'हा विषय आजच्या यादीत दाखवा.' काय उत्तर येतं बघा.

आरसीएमपीत, म्हणजे इथल्या केंद्रीय पोलिसात, पीआरवाल्यांना घेतात. पण त्यांनाही आधी काही वर्षं कॅनडात राहावं लागतं. ट्रेनिंग सॅस्कॅचेवानमधल्या रेजायनाला, २६ आठवडे. बाल्तेज सिंग ढिल्लाँ मलेशियातून सोळाव्या वर्षी कॅनडात आले आणि १९९० मध्ये नियम बदलल्यावर पगडी घालून आरसीएमपीत गेलेले पहिले अधिकारी झाले. तेव्हा वर्दी मिळते, यात शंका नको. फक्त त्या डिप्लोमाच्या वाटेनं मिळत नाही.

लेस्टर_ते_लातूर

यूकेचं थोडक्यात. भारत राष्ट्रकुलात असल्यानं भारतीय पासपोर्टवर इथे पोलीस होता येतं, पण इन्डेफिनिट लीव्ह टू रिमेन (आयएलआर), म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी हवी. शिवाय पडताळणीसाठी साधारण मागची तीन वर्षं इथेच राहिल्याचं बघतात. पोलीस दल परदेशातून व्हिसा देऊन कॉन्स्टेबल आणत नाही. नर्स म्हणून आलीस तर आजवर पाच वर्षांनी आयएलआरचा अर्ज करता यायचा, पण मे २०२५ मध्ये सरकारनं ही मुदत दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. आज निघणाऱ्या माणसानं तो धरूनच हिशेब करावा.

ऑकलंडची_ताई

तासगावच्या लेकी, तुझी पोस्ट मी ड्युटीवरून आल्यावर वाचली आणि आज सुट्टी आहे म्हणून सावकाश लिहितेय. मी लातूरची. २०१७ ला विद्यार्थी म्हणून न्यूझीलंडला आले, वृद्धाश्रमात केअरगिव्हरचं काम केलं आणि आता इथल्या पोलिसात कॉन्स्टेबल आहे.

तुला 'कोण देणार वर्दी' म्हणणाऱ्यांना सांग, इथले पोलीस तुझा जन्म कुठला ते विचारत नाहीत, तुझा निवास कायम आहे का ते विचारतात. नागरिकत्व किंवा रेसिडेन्स, दोन्हींपैकी एक. रेसिडेन्सवर मी आजही भारतीय पासपोर्टच बाळगून आहे. वय किमान १८, वरची मर्यादा नाही. उंचीची अट नाही. म्हणून तुझ्यासारखीनं 'पोलीस कसं व्हायचं' हा प्रश्न दुसऱ्या नंबरला ठेवावा. पहिला प्रश्न 'कायमचा निवास कसा मिळवायचा' हा. ज्या मुली हा क्रम उलटा धरतात त्यांचे पैसे बुडतात आणि वयाची चार-पाच वर्षं जातात.

मला रेसिडेन्स मिळाला तो २०२१ रेसिडेंट व्हिसातून. कोविडनंतर सरकारनं इथे आधीच असलेल्यांसाठी एकदाच उघडलेली योजना होती ती. आता ती नाही, त्यामुळे माझी वाट तुला चालणार नाही. पण तुझ्या हातात माझ्यापेक्षा चांगलं नाणं आहे. रजिस्टर्ड नर्स हा इथल्या ग्रीन लिस्टमधला, म्हणजे सरकारला माणसं हवी असलेल्या कामांच्या यादीतला पेशा आहे. मान्यताप्राप्त मालकाकडे नोकरी असेल तर थेट रेसिडेन्सला अर्ज करता येतो, मध्ये वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही. म्हणजे बाबांनी तुला नर्सिंगला घातलं तेव्हाच तुझी पोलिसाची वाट अर्धी बांधून ठेवली. हे त्यांना माझ्यातर्फे सांग.

त्यासाठी इथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. आयईएलटीएस ॲकॅडमिकला वाचन, ऐकणं, बोलणं यात ७ आणि लेखनात ६.५, किंवा त्याऐवजी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. मग लेखी परीक्षा आणि क्राइस्टचर्चला येऊन प्रात्यक्षिक परीक्षा. खर्च आहे, पण बावीस लाखांच्या जवळपासही नाही. एक गोष्ट मात्र नीट ऐक. नर्सच्या नोकऱ्या इथे पूर्वी जशा सहज मिळायच्या तशा आता मिळत नाहीत. वॉर्डचा भक्कम अनुभव घेऊन, आणि जमलं तर नोकरी हातात घेऊनच ये. नुसती नोंदणी झाली म्हणून विमानात बसू नकोस.

आता पोलिसाकडे येते. रेसिडेन्स मिळाल्यावर अर्ज केला की शारीरिक चाचणी असते: २.४ किलोमीटर धावणं, उभी उडी, पुशअप, हाताची पकड. तुझं ८०० मीटर चांगलं आहे म्हणतेस, तर दम वाढवायचा, वेग आहेच. पुशअप मात्र आजपासून सुरू कर. आपल्या भरतीत मुलींना ते नसल्यानं खांदे कच्चे राहतात. पुढे पोलीस कॉलेजमध्ये अडथळ्यांची शर्यत असते, त्यात १.८ मीटरची भिंत चढायची आणि माणसाएवढ्या वजनाचा पुतळा ओढत न्यायचा. माझ्या बॅचमधल्या धिप्पाड मुलीही त्या भिंतीपाशी अडकायच्या. गोळाफेक करणाऱ्या मुलीला तो पुतळा जड वाटणार नाही, हे मी अनुभवानं सांगते.

शिवाय पोहता येतं असं प्रमाणपत्र लागतं. इथे माझी खरी कसोटी लागली. तुमच्या मिरजेहून आमच्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आलं होतं, आठवत असेल. त्या गावची मी, पोहणं कुठून येणार? ऑकलंडच्या सार्वजनिक तलावात सहा-सात वर्षांच्या पोरांच्या शेजारच्या लेनमध्ये मी फळी धरून पाय मारायला शिकले. पाण्यात तोंड घातलं की छाती आवळून यायची. शिकवणाऱ्या बाईंनी कित्येक दिवस फक्त पाण्यात श्वास सोडायला लावला, हातपाय मारूच दिले नाहीत. भीती गेल्यावर पोहणं पटकन आलं. तू पुण्यात आहेस, तलाव आहेत, आत्ताच शीक. विहिरीत पोहता येत असेल तरी तलावात लांबी मोजून पोहायची सवय कर.

गाडीचं न्यूझीलंडचं पूर्ण लायसन्स लागतं, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. निवडीच्या काळात तुला प्रत्यक्ष गस्तीवर पोलिसांबरोबर बसवतात, नुसतं बघायला. काही मुलं तिथूनच परत जातात. ते चांगलंच आहे, आधी कळलेलं बरं. मग वेलिंग्टनजवळ पोरिरुआला पोलीस कॉलेज. राहायचं तिथेच, आणि ट्रेनिंगमध्ये पगार मिळतो. दीक्षान्ताच्या दिवशी सगळ्या बॅचनं मिळून हाका, म्हणजे इथल्या माओरी लोकांचा गर्जना करत करायचा नाच, करायचा असतो. माझी आई व्हिडिओ कॉलवर होती. तिला तो गजर बघून आधी धडकीच भरली, मग रडायला लागली. कॉलेजनंतर दोन वर्षं प्रोबेशन.

आणि हे काम रोज कसं असतं, ते तुला कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. इथे कमरेला पिस्तूल रोज नसतं, ते गाडीत कुलूपबंद असतं. आमचं मुख्य हत्यार म्हणजे बोलणं. रात्रीचे बरेचसे कॉल घरातल्या मारहाणीचे. एक सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दक्षिण ऑकलंडमधलं घर, आपल्याच देशातलं कुटुंब. शेजाऱ्यांनी १११ ला फोन केलेला. आम्ही आत गेलो तेव्हा सून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी, गालावर बोटांचे वळ, आणि मला बघून पहिलं वाक्य काय, तर 'बसा ना, चहा ठेवते.' सासू मला हिंदीतून सांगत होती, 'बेटी, तू तो अपनी है, इनको समझा के भेज दे.' माझ्याबरोबरचा गोरा सहकारी घरातल्या माणसांकडे बघत होता आणि मी ओट्यावरच्या त्या बाईच्या हाताकडे. हात थरथरत होता आणि तरी ती कप मांडत होती. मी सासूला बाहेरच्या खोलीत बसवलं, दार लोटलं आणि सुनेला एकच विचारलं, 'आज रात्री तुला इथे कोण नको आहे?' तिनं बराच वेळ काही सांगितलं नाही. मग बोलली. नवऱ्याला त्या रात्री पोलीस सेफ्टी ऑर्डर दिली. इथल्या कायद्यानं पोलीस अशी ऑर्डर दहा दिवसांपर्यंत देऊ शकतात. माणसानं घर सोडायचं, तिच्याजवळ जायचं नाही. तो गुन्हा नोंदवणं नव्हे, पण मोडली तर ताब्यात घेता येतं. ती बाई इंग्रजी बोलत नव्हती असं नाही. पण त्या क्षणाला तिला जे बोलायचं होतं ते तिच्या इंग्रजीत मावत नव्हतं. अशा वेळी तुझ्यासारख्या मुलीची इथे गरज आहे. वॉर्डात रात्री बारा वाजता घाबरलेल्या पेशंटशी तू जशी बोलतेस, तेच इथे करायचं असतं.

कठीणही सांगते. आपल्याच लोकांना कधी आपण परके वाटतो. इतरांपैकी कुणी 'तुझ्या देशात जा' म्हणतं. सण ड्युटीत जातात. लहान मुलाच्या अपघाताचा कॉल झाला की चार दिवस जेवण जात नाही. हे तुला वॉर्डातून थोडं ठाऊक असेल, म्हणून तू टिकशील असं मला वाटतं.

निवृत्त_फौजदार_कोल्हापूर

पोरी, मी महाराष्ट्र पोलिसात ३४ वर्षं काढली, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तुझ्या एनसीबद्दल सांगतो, कारण त्यावर घरोघरी गैरसमज आहेत.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. पूर्वी सीआरपीसी १५५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय त्यात आम्हाला तपास करता येत नाही. बांधाच्या भांडणात अख्ख्या घराची नावं घालणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. ती शिक्षा नाही, दोषारोपही नाही. ठाण्यात जाऊन त्या एनसीची प्रत घे. दिवाणी दावा चालू असेल तर त्याचा नंबर, तारीख लिहून ठेव. त्या दिवशी कॉलेजला होतीस तर हजेरीचा दाखला काढून ठेव, नंतर रजिस्टर सापडत नाहीत. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स काढायला जाशील तेव्हा चौकशी ठाण्यातूनच होते. हवालदारानं विचारलं तर कागद पुढे ठेव आणि आहे ते सांग.

बाहेरच्या पोलिसांच्या फॉर्ममध्येही जे विचारलं असेल त्याचं खरं उत्तर लिही. पोलिसाच्या नोकरीत जुनी एनसी कुणी धरून बसत नाही, पण लपवलेली गोष्ट उघडी पडली की माणूस गेला. मी स्वतः चारित्र्य पडताळण्या केल्यात. किरकोळ नोंद असलेली पोरं पास झाली आणि ती दडवणारी घरी गेली.

माझं दुसरं म्हणणं, आणि ते वरच्या ताईंना कदाचित पटणार नाही. तू २३ ची आहेस. खुल्या प्रवर्गातही २८ पर्यंत भरती देता येते, मागास प्रवर्गात ३३ पर्यंत. मैदान ५० चं, लेखी १०० ची. मैदान तुझं चांगलं आहे म्हणजे अवघड भाग झालाय, लेखी बसून अभ्यास केला की सुटते. गणित आणि बुद्धिमत्ता रोज दोन तास कर. आपल्या जिल्ह्यातल्या बाईला रात्री ठाण्यात आल्यावर समोर बाई दिसावी, ही गरज इथेही आहे. परदेशी जायचं तर जा, पण मेरिट हुकलं म्हणून जाऊ नकोस.

तासगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रॅम्प्टनकर दादा, एजंटला तो यादीचा प्रश्न विचारला. 'मॅडम, नियम बदलत असतात, आपण मॅनेज करू' म्हणाला. बाबा शेजारीच बसले होते, त्यांनी फोन घेऊन सरळ नाही सांगितलं. बागेवरचं कर्ज रद्द.

काका, एनसीची प्रत मागायला बाबा सोमवारी जातायत. आणि येणारी भरती मी देणार आहे, ते माझं मी ठरवलंय. फक्त मेरिट हुकलं म्हणून मी बाहेर बघत नाहीये, हे मी स्वतःला बरेचदा विचारून पाहिलंय. ताईंनी जे त्या स्वयंपाकघराचं लिहिलंय ते काम मला करायचंय. ते इथे मिळालं तर इथे.

ताई, दोन प्रश्न. इथल्या भरतीत निवड झाली आणि काही वर्षं नोकरी करून मग आले, तर तो अनुभव तिथे धरतात का? आणि आईला काळजी आहे की परदेशी पोलीस झालं की भारताचं नागरिकत्व सोडावं लागेल.

ऑकलंडची_ताई

काकांचं मला पटलं, का पटणार नाही? दोन्ही तयाऱ्या एकत्र चालतात. धावणं तेच, अंगमेहनत तीच.

नागरिकत्वाचं आईला सांग: न्यूझीलंडला रेसिडेन्स पुरतो, पासपोर्ट भारताचाच राहतो. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तरच भारताचं जातं, ते घ्यायचं की नाही ते तुझ्या हातात. मी घेतलेलं नाही.

अनुभवाचं असं की महाराष्ट्र पोलिसातली वर्षं मुलाखतीत बोलायला खूप उपयोगी पडतील, पण त्यावरून व्हिसा मिळेल असं धरू नकोस. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांनी बाहेरच्या अनुभवी पोलिसांना थेट बोलावलं, पण त्यांचा भर मुख्यतः ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंडवर राहिला. तुला इथे आणणार ती नर्सिंगची नोंदणीच. म्हणून भरतीत निवड झाली तरी आधी विचार कर: नर्सिंगमध्ये खंड पडला तर ती वाट हळूहळू अरुंद होते. निवड झाली तर मनापासून तिथलीच नोकरी कर, अर्ध्या मनानं करू नकोस. नाही झाली तर वॉर्ड सोडू नकोस आणि परीक्षेला बस.

इथल्या नर्स मैत्रिणी म्हणतात, वॉर्डात काम करणाऱ्यांना आयईएलटीएसपेक्षा ओईटी जवळची वाटते, कारण त्यात पेशंटचेच संवाद आणि रेफरलची पत्रं असतात. दोन्हींचे नमुना पेपर सोडवून बघ आणि मग ठरव. जळगावची एक मैत्रीण अलीकडेच क्राइस्टचर्चची परीक्षा देऊन नोकरीला लागली, ती बोलायला तयार आहे. व्यक्तिगत संदेशात तुझी नाईट कधी असते ते कळव, आमची वेळ तुमच्यापेक्षा साडेसहा ते साडेसात तास पुढे असते.